सुमनबाईंच्या कानातली पेटी

"माही पेटी फाटली, मॅडम," सुमनबाई म्हणाल्या. दोन्ही कानांतली यंत्रं काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "हे घ्या तुमचं परत."

मागे उभा असलेला त्यांचा मुलगा विलास ओशाळला. तो सेनगाव ते साखरा जीप चालवतो. एक फेरी बुडवून आईला हिंगोलीला घेऊन आला होता.

"पेटीला काहीबी झालं न्हाई मॅडम. मी सोता वाजवून पाह्यली. माय उगं बहाना करून राहिली."

यंत्रं काढलेली असल्यामुळे सुमनबाईंना हे ऐकू गेलं नाही. त्या भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत बसल्या. त्या चित्रात कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, कोक्लिया. आवाज शेवटी तिथे पोचतो. सुमनबाई त्या शंखाकडे अशा बघत होत्या, जणू तिथे त्यांचं काहीतरी राहून गेलं आहे.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाचे डॉक्टर कानाचे आजार बरे करतात. मी माणसाला किती ऐकू येतं ते तपासते आणि गरज असली तर कानाचं यंत्र बसवते. आमचं क्लिनिक छोटं आहे. बाहेर बाकडं, आत एक टेबल आणि कोपऱ्यात बूथ. बूथ म्हणजे बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी बंद खोली, एका बाजूला काच असलेली. तिचं दार लागलं की रस्ता, एसटीचे हॉर्न, शेजारच्या झेरॉक्सवाल्याची गाणी, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं लांब जातं. पेशंटच्या कानात मी बारीक बारीक सूर सोडते. सूर ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं. त्या वेळी काचेतून दिसणारे चेहरे मला फार आवडतात. झोपेत कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटावं, आणि ती खरंच मारली का याचा अंदाज घेत पडून राहावं, तसे ते चेहरे दिसतात.

सुमनबाई पहिल्यांदा बूथमध्ये बसल्या तेव्हा त्यांनी बोट वर केलंच, पण प्रत्येक सुरासोबत त्या हलकेच गुणगुणतही होत्या. मी सोडलेला सूर त्यांच्या ओठांतून परत येत होता. ज्या सुरांना बोट वर झालं नाही, ते वरचे, बारीक सूर होते. तपासणीचा आलेख डावीकडून उजवीकडे उतरत गेला, टेकडीवरून पायवाट उतरावी तसा. जाड आवाज बऱ्यापैकी येत होते. बारीक आवाज धूसर होत गेले होते आणि शेवटचे तर नव्हतेच.

त्या दिवशी विलासनं जे सांगितलं ते असं होतं.

सुमनबाई अंगणवाडी सेविका होत्या. साखऱ्याच्या निम्म्या गावाला त्यांनी अक्षरओळखीच्या आधी गाणी शिकवली होती. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं. त्या पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवायच्या. बौद्ध वस्तीतल्या बायकांची त्यांनी एक गायन पार्टी उभी केली होती. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पार्टी बसायची. वस्तीत कुणाचं बारसं असो, लग्न असो की गेलेल्या माणसासाठीचं पुण्यानुमोदन, या बायका गायला असायच्या. भीमगीतं म्हणायच्या आणि सुमनबाईंनी स्वतः रचलेली गाणीही म्हणायच्या.

मग एका पुण्यानुमोदनाला सुमनबाईंचा सूर एकीकडे गेला आणि बायकांचा दुसरीकडे. त्यांना ते कळलं नाही. त्या डोळे मिटून गात राहिल्या. डोळे उघडले तेव्हा ढोलकीवाल्या रमाबाईंचे हात थांबलेले होते आणि मांडवाच्या कडेला उभी असलेली काही पोरं हसत होती. सुमनबाईंनी गाणं पूर्ण केलं, पेटी बंद केली आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या कधी विहारात गेल्याच नाहीत.

"तवापासून ती घरात असून नसल्यासारखी हाय," विलास म्हणाला होता. "रातची झोप न्हाई. जेवनाचं मन न्हाई. बीपी वाढलं. दवाखान्यात गोळ्या देल्या. शेजारचे म्हनतात, बाईच्या डोक्यावर परिनाम झाला."

डोक्यावर परिणाम झालेला नव्हता. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस बोलणं टाळतो. टाळता टाळता एकटा पडतो. एकटा पडला की झोप जाते, भूक जाते. हे मी रोज बघते. पेशंट कानासाठी येतो, पण त्याच्या सोबत एक आख्खं बंद पडलेलं घर आलेलं असतं.

पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हा सगळं छान झालं होतं. विलासनं मागून "माय" म्हणून हाक मारली आणि सुमनबाई वळल्या. तो रडला. त्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पंखा केवढा बोलून राहिला वं!" मी यंत्रं ट्रायलवर दिली आणि पंधरवड्यानं यायला सांगितलं.

आता त्या आल्या होत्या आणि यंत्रं टेबलावर होती.

मी यंत्रं पुन्हा त्यांच्या कानांत घातली आणि विचारलं, "पेटी फाटली म्हणजे नेमकं काय होतं?"

"सूर दाबला की तो सरळ उभा ऱ्हात न्हाई."

"कसा होतो? मला म्हणून दाखवा."

सुमनबाईंनी एक सूर लावला आणि तो मुद्दाम हलवला. पाण्यावर चंद्र हलतो तसा तो सूर हलत गेला, दोन झाला, पुन्हा एक झाला. "असं. जशी दोन पेट्या हायत आन एकीला हिव भरलं. थोड्या वेळानं तर सूर लहान व्हत जातो. कोनीतरी पेटी उचलून दुसऱ्या खोलीत नेल्यावानी."

"आणि माणसांचं बोलणं?"

"बोलनं बराबर हाय. नातू काय म्हनतो, सून काय म्हनते, समदं कळून राहिलं."

"मंग झालं की माय!" विलास म्हणाला. "पेटी काय वाजवायची आता या वयात?"

सुमनबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तुमचं बोलनं ऐकायसाठी म्या कान घेतले व्हय?"

विलास खाली बघायला लागला. मला त्याचं वाईट वाटलं, पण सुमनबाईंचं म्हणणं मला कळलं होतं.

मी नांदेडला सरांना फोन लावला. आमची दोन-तीन गावांत क्लिनिकं आहेत, सर ती चालवतात. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना प्रत्येक केस बंद झालेली आवडते.

"स्पीच क्लिअर आहे ना?" सरांनी विचारलं.

"आहे."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"पेटी, सर. हार्मोनियम."

"मॅडम, आपण पेटी रिपेअर करतो का?"

"पेटी चांगली आहे सर. आपलं यंत्र ती बिघडवतंय."

सर म्हणाले, "यंत्र बोलण्यासाठी असतं. म्युझिक हा बोनस आहे. पेशंटला तसं समजावून सांगा. नाही पटलं तर ट्रायल परत घ्या आणि केस क्लोज करा."

"मला थोडा वेळ द्या. एखाद्या रविवारी मी त्यांच्या गावी जाऊन येते."

"रविवारी क्लिनिक बंद असतं. तुमच्या सुट्टीचं तुम्ही बघा," सर म्हणाले. ही परवानगीच होती.

सरांचं एक म्हणणं खरं होतं. कानाचं यंत्र बोलण्यासाठीच बनवलेलं असतं. त्याच्या आत एक बारकासा कॉम्प्युटर असतो, आणि तो सारखा ठरवत असतो की यातलं बोलणं कुठलं आणि कचरा कुठला. लग्नात माईक स्पीकरसमोर आला की कशी कर्कश शिट्टी येते, तशी शिट्टी यंत्रातही येऊ शकते. म्हणून लांब, सरळ, एकसारखा सूर ऐकला की यंत्राला वाटतं ही शिट्टीच आहे, आणि ते उलटा सूर सोडून तिला मारायला जातं. त्या झटापटीत पेटीचा सूर हलायला लागतो. दुसरी गोष्ट, पंख्याचा किंवा मोटारीचा आवाज एकसारखा चालू राहिला की यंत्र त्याला हळूहळू बारीक करतं. पेटीचा भरलेला सूरही त्याला मोटारच वाटतो. तिसरी गोष्ट, यंत्र मोठा आवाज दाबतं आणि हळू आवाज उचलतं. बोलण्यासाठी ते चांगलं. पण ढोलकीत जोराची थाप आणि बोटाची हलकी टिचकी यांच्यातल्या फरकावरच तर सगळी मजा असते. तो फरकच पुसला जातो.

म्हणजे सुमनबाईंनी वर्णन केलेलं शब्दन् शब्द बरोबर होतं. पेटीला खरोखर हिव भरत होतं आणि तिला खरोखर कुणीतरी दुसऱ्या खोलीत नेत होतं.

उपाय असा की यंत्रात बोलण्याचा एक प्रोग्राम ठेवायचा आणि गाण्याचा दुसरा करायचा. बटण दाबलं की प्रोग्राम बदलतो. गाण्याच्या प्रोग्राममध्ये यंत्राची ही सगळी हुशारी बंद करायची. मी तिथेच करून बघितलं. शिट्टी मारणारी सोय बंद केली आणि लगेच खरी शिट्टी सुरू झाली. विलासनं कानांवर हात ठेवले. यंत्राची रबरी टोपी सुमनबाईंच्या कानात सैल बसत होती, तिथून आवाज गळून माईकमध्ये परत जात होता.

मग कानाचा साचा घेतला. गुलाबी लगदा कानात भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत थांबायचं. दोन्ही कान बुजलेले असताना सुमनबाई डोळे मिटून बसल्या होत्या. लगदा काढल्यावर म्हणाल्या, "आत लई शांत व्हतं. विहिरीच्या तळाशी बसल्यावानी. बरं वाटलं."

त्या साच्यावरून त्यांच्या कानाच्या मापाचे तुकडे बनून आले, घट्ट बसणारे. शिट्टी थांबली. आता सूर तपासायचा होता. मी मोबाईलवर पेटीचा आवाज लावला. सुमनबाईंनी थोडं ऐकलं आणि मान हलवली.

"हा पेटीचा फोटो हाय मॅडम. पेटी न्हाई."

त्यामुळे रविवार ठरला.

विलास मला सेनगावहून जीपमध्ये घेऊन गेला. दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती आणि मधे मधे तुरी पिवळ्या फुलांनी लगडल्या होत्या. कापसाच्या ओळी दुपारच्या उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. ऊन असं मऊ होतं की रस्ता, झाडं, बांधावरची माणसं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हळू हलत होतं. जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेली म्हातारी झोपेतच काहीतरी गुणगुणत होती. मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर धरून बसले. मला वाटलं, आपण तपासायला चाललो नाही, कुणाच्या तरी स्वप्नात जाऊन बसणार आहोत.

विहार साधंच होतं. एक लांब खोली, निळ्या कडा रंगवलेल्या भिंती, समोर बुद्धाची मूर्ती. सुमनबाई पेटीसमोर बसलेल्या होत्या. त्यांनी पेटीवरचं कापड काढून नीट घडी करून बाजूला ठेवलं. ढोलकी घेऊन रमाबाई आल्या होत्या. उंच, सडपातळ, बोलायला कमी. मांडवातला तो दिवस दोघींच्याही मनात असणार. कारण त्या एकमेकींशी काही बोलल्या नाहीत, नुसता जय भीम घातला.

मी लॅपटॉप उघडला. तारेशिवाय यंत्राला जोडता येतं, त्यामुळे इकडे मी बदल केला की तिकडे त्यांच्या कानात तो लगेच कळतो.

"एकच सूर धरा," मी म्हणाले. "मी सांगेपर्यंत सोडू नका."

सुमनबाईंनी भाता ओढला आणि एक सूर दाबला. मी आधी बोलण्याचा प्रोग्राम तसाच ठेवला. त्यांच्या कपाळावर आठी आली. मग गाण्याचा प्रोग्राम दिला. मी एकेक गोष्ट बंद करत गेले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आठी हळूहळू उतरली. त्यांनी सूर सोडलाच नाही. मी थांबा म्हणायला विसरले. तो एकच सूर त्या खोलीत भरत राहिला. भिंतींना टेकला, दारातून बाहेर गेला. बाहेर कडुलिंबाच्या सावलीत बसलेलं कुत्रं मान वर करून पुन्हा झोपलं.

"उभा राह्यला," सुमनबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "सरळ उभा राह्यला."

मग रमाबाईंनी ढोलकी घेतली. दोन-चार वेळा सुमनबाई म्हणाल्या, "थाप अन् बोट सारकंच वाजून राहिलं." मी मोठ्या आवाजावरचा दाब कमी केला. "आता बोट कळून राहिलं, पन थाप कानात टोचते." थोडा परत वाढवला. असं मागे-पुढे करत आम्ही तिघी कितीतरी वेळ बसलो. रमाबाईंनी न कंटाळता तीच थाप पुन्हा पुन्हा वाजवली. शेवटी सुमनबाईंनी हात वर केला. "बास. हा रमीचा हात हाय. म्या वळखते."

रमाबाईंनी मान खाली घातली आणि ढोलकीच्या दोऱ्या ओढायला लागल्या. दोऱ्या काही सैल झालेल्या नव्हत्या.

पेटीचा आवाज ऐकून बायका यायला लागल्या. कुणी वेचणीवरून आलेली, पदराला कापसाचे तंतू लागलेली. कुणी लेकरू कडेवर घेऊन आलेली. कौसाबाई नावाच्या एक ठेंगण्या बाई काठी टेकत आल्या आणि दाराशीच बसल्या. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडत नाहीत, असं कुणीतरी माझ्या कानाशी सांगितलं. सगळ्यांना वाटलं, पार्टी पुन्हा बसली. सुमनबाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी गाणं धरलं. अंगणवाडीत पहिल्यांदा येणाऱ्या लेकराला दार उघडं आहे, आत ये, असं सांगणारं त्यांचं स्वतःचं गाणं.

पहिली ओळ छान गेली. मग गाणं वर चढलं, आणि तिथे पुन्हा तेच झालं. त्यांचा आवाज एकीकडे, पेटी दुसरीकडे. या वेळी त्यांना स्वतःलाच कळलं. त्या थांबल्या. पुन्हा चढून बघितलं. पुन्हा थांबल्या.

"मॅडम, वरचे सूर आजून फाटके हायत. तेवढे शिवा."

मी लॅपटॉपवर जे करता येईल ते केलं. आवाज वाढवला, कमी केला. काही उपयोग झाला नाही. मला आलेख आठवत होता. टेकडीवरून उतरणारी ती पायवाट. वरच्या सुरांसाठी आतल्या शंखात ज्या बारीक पेशी असतात, त्या झिजून गेल्या होत्या. तिथे यंत्र आवाज पोचवू शकतं, पण सूर पोचवू शकत नाही. पोस्टमन पत्र घेऊन जाईल, पण वाचायला घरात कुणी नको का?

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. "बाई, ते यंत्रातलं नाही. कानाच्या आतलं आहे. ते मला दुरुस्त करता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश भाता लावला आणि पेटीची खिट्टी बंद केली. मला वाटलं, झालं. ही केस आता बंद झाली आणि या बाई पुन्हा घरात जाऊन बसणार.

"बाई, एक सांगू का?" दारातून आवाज आला. कौसाबाई होत्या. "रागावसाल."

"सांग की."

"त्ये लई उंच व्हतंच."

"काय उंच व्हतं?"

"तुमी धरायच्या त्ये. आमाला कवाच पुरलं न्हाई. गळा ताणून ताणून दुखायचा. म्या तर निस्तं तोंड हालवायची."

सगळ्या बायका एकदम इकडेतिकडे बघायला लागल्या. सुमनबाईंनी विचारलं, "आन तू गं शोभा?"

"मीबी बाई. वर गेलं की सोडून द्यायची."

"अन् रमे, तुला ठावं व्हतं?"

रमाबाई पहिल्यांदाच हसल्या. "समद्या वस्तीला ठावं व्हतं."

"मंग काहून बोलल्या न्हाई कोनी?"

"तुमी बाई व्हत्या ना," कौसाबाई म्हणाल्या. "तुमी शिकवलेलं. तुमाला कोन म्हननार, खाली उतरा?"

सुमनबाई तरुणपणी काळी पाचमध्ये गायच्या. पेटीच्या सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात, आणि गाणारा त्यातली किंवा पांढऱ्यांतली एक पट्टी आपला पहिला सूर म्हणून धरतो. तिथून सगळं गाणं वर चढतं. त्यांचा आवाज चढा होता, म्हणून उंच पट्टी. ती त्यांनी कधी बदललीच नाही. पार्टीतल्या बायका म्हाताऱ्या झाल्या, त्या स्वतः म्हाताऱ्या झाल्या, पण पट्टी तीच राहिली.

त्या थोडा वेळ पेटीकडे बघत बसल्या. मला वाटलं, चिडतील. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, अंग घुसळून हसत होत्या. "एवढी सालं तोंड हालवलं गं भवाने! अन् म्या समजायची, कौसीचा आवाज काय गोड मिसळून राहिला!"

खिट्टी पुन्हा निघाली. त्यांचा हात पट्ट्यांवरून खाली सरकत आला. "काळी तीन पाहू."

तेच गाणं त्यांनी खालून धरलं. आता ते चढलं तेव्हाही तुटलं नाही. जिथे पायवाट धूसर व्हायची, तिथवर ते जातच नव्हतं. त्यांच्या ऐकू येण्याच्या आतच ते गाणं मावत होतं. रमाबाईंनी थाप दिली. आणि मग बायका गायला लागल्या. मी अशा पार्ट्यांची गाणी बरीच ऐकली आहेत, पण हा आवाज निराळा होता. जाड, खालचा, भरलेला आवाज, सगळ्यांच्या गळ्यात सहज बसणारा. जणू खूप दिवस कुलूप असलेल्या खोलीत दिवा लागला आणि आतली भांडी एकेक करून चमकायला लागली. कौसाबाई दारातून सरकत सरकत मधे येऊन बसल्या होत्या. डोळे मिटलेले, काठी बाजूला आडवी. त्या आता नुसतं तोंड हलवत नव्हत्या.

मी लॅपटॉप मिटला. माझं काम संपलं होतं, पण मला उठवेना. गाण्यामागून गाणं होत गेलं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून चढत चढत निळ्या कडेपर्यंत गेलं. बायका एका दमात श्वास घेत होत्या आणि एका दमात सोडत होत्या. पाठ न टेकता इतका वेळ मी एरवी बसू शकत नाही. त्या दिवशी माझी पाठ दुखली नाही, किंवा दुखली असेल तर मला ऐकू आली नाही.

परत येताना सेनगाव जवळ आलं तेव्हा विलास म्हणाला, "माय बोलत नव्हती म्हनून आमीबी बोलनं सोडलं होतं मॅडम. वाटायचं, ऐकू न्हाई येत तर काहून तकलीफ द्यायची."

"आता बोला."

"आता तीच बोलू द्यायना," तो म्हणाला. पण खूश होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लोक विचारतात. सुमनबाईंची बीपीची गोळी सुटली नाही. कानाचं यंत्र किंवा गाणं म्हणजे औषध नाही, आणि तसं मी कुणाला सांगत नाही. पण त्यांना झोप लागायला लागली. जेवण सुधारलं. त्या घराबाहेर पडतात, लोकांशी भांडतात, हसतात. पार्टी रविवारी दुपारी बसते. गायला न येणाऱ्याही येऊन बसतात. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई बीपीचं मशीन घेऊन रविवारी तिथेच जातात, कारण ज्या बायका दवाखान्यात जायला कंटाळा करतात त्या सगळ्या तिथे एका जागी सापडतात. एकीचं बीपी तिथेच पहिल्यांदा कळलं. कौसाबाईंच्या काठीला आता रंगीत गोंडा आहे.

यंत्राची एक तक्रार राहिलीच. गाणं संपल्यावर सुमनबाई प्रोग्राम बदलायला विसरतात आणि मग मोठे आवाज दाबले जात नसल्यामुळे घरी सुनेनं ताट ठेवलं तरी दचकतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

ट्रायल परत आली नाही. सरांना मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि महिन्याभरात नांदेडहून एक तबलावादक माझ्याकडे पाठवला, मग एक भजनी बुवा. आता ते याला 'म्युझिक केस' म्हणतात.

परवा त्यांचा फोन आला. "मॅडम, म्युझिक केसला तुम्ही फार वेळ घेता. क्लिनिकमध्येच अर्ध्या तासात होईल असं काहीतरी बसवा ना."

"होईल की सर," मी म्हणाले. "बूथ थोडा मोठा करून द्या. पेशंट, पेटी, ढोलकी आणि खरं बोलणारी एक मैत्रीण, एवढे मावले पाहिजेत."